रिकामी गाडी ढकलू नये

२ सप्टेंबर

बियाण्याच्या दुकानातून दरवर्षी एक डायरी मिळते. आमचे हे, म्हणजे रामराव, तिच्यात चार दिवस पावसाचं लिहितात आणि मग ती फळीवर पडून राहते. आज ती मी घेतली. माझं अक्षर दहावीपर्यंत बरं होतं. आणि कुठेतरी बोलल्याशिवाय माझी पोटदुखी थांबायची नाही.

काल आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. मखर, फुलोरा, सोळा भाज्या, सगळं मी एकटीनं उरकलं, कारण सुनेच्या, अर्पिताच्या, मांडीवर पाच महिन्यांची आकू. नैवेद्य दाखवायला आणि विहीणबाई जालन्याहून यायला एकच गाठ पडली. विहीणबाई म्हणजे दैवशालाताई, अर्पिताची आई, रिटायर झालेल्या शिक्षिका. रिक्षातून भला मोठा खोका उतरवला. त्यातून निघाली बाबागाडी. राखाडी रंगाची, वर मिटती छत्री, खाली सामानाची पिशवी, बाटलीला वेगळा कप्पा.

मग काय! बायका हळदीकुंकवाला आल्या, त्या लक्ष्म्यांसमोर वाकायच्या आणि लगेच गाडीकडे वळायच्या. शेजारची बेबीनंदा तर साड्या कशा नेसवल्यात हे बघायचंच विसरली. "मावशी, आईची माया बघा, लेकीसाठी केवढं आणलं!" असं मलाच सांगून गेली. सोळा भाज्या कुणाला दिसल्या नाहीत.

एवढी गाडी आणली, पण नातीला कडेवर काही घेतलं नाही. मी आकूला पुढे केलं तर म्हणाल्या, "गाडीतच ठिवा साळूताई, तिथं बरी बसती." नव्या साडीची घडी मोडायला नको असेल. गाडीचा पट्टासुद्धा मला लावायला सांगितला. "तुमचा हात बरा चालतो," म्हणे. चहाचा कप मात्र दोन्ही हातांनी धरून, अगदी प्रसादासारखा पीत होत्या. शहरात तशी पद्धत असेल.

खरी गोष्ट अशी. अर्पिताची बँकेतली सुट्टी दसऱ्यानंतर संपते. माझा अंगदही जालन्यालाच बियाणे कंपनीत. दोघांनी इथून, राजूरहून, जाऊन-येऊन करायचं आणि आकूला माझ्याजवळ ठेवायचं, की जालन्याला विहीणबाईंच्या गल्लीत खोली घ्यायची, हे ठरायचंय. बाळंतपणाचे पहिले तीन महिने आकू त्यांच्याकडेच होती. आता माझी पाळी आहे. आणि नेमकी आताच ही गाडी आली.

५ सप्टेंबर

अंगद सकाळी रिकामी गाडी अंगणात फिरवून बघत होता. मी ओरडलेच. रिकामा पाळणा हलवत नाहीत, लेकराचं पोट दुखतं. गाडीला हे लागू नाही असं कुणी सांगितलं?

"आई, चाकं बघून राह्यलो फक्त."

"मंग काहीतरी ठिव तिच्यात."

शेवटी बारशाला ठेवतात तसा वरवंटा आणून मी गाडीत ठेवला. तोच वरवंटा आकूच्या बारशाला जालन्याला नेऊन पाळण्याखालून आणि वरून फिरवला होता. अर्पिता हसली. हसू दे. तिच्या आईला हे सुचलं नसतं.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. तोंड दिसतं त्या फोनवर पहिला प्रश्न, "गाडी कशी चालती?" नात कशी आहे हे नंतर.

६ सप्टेंबर

चार दिवसांत गावातल्या सगळ्यांनी गाडी बघून घेतली. दृष्ट लागायला अजून काय पाहिजे? आज शनिवार साधून काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवला आणि गाडीला बांधला. छत्रीला बांधणार होते, पण बिब्बा अंगावर उतला तर लेकराच्या कातडीला फोड येतात. म्हणून खाली, पुढच्या चाकाजवळच्या दांडीला बांधला. तिथे अर्पितालाही दिसत नाही. तिला असलं आवडत नाही.

आपल्या काळ्या मातीत ही गाडी म्हणजे कसरतच आहे. गल्लीतून एक चक्कर मारली की चाकं चिखलानं जाडजूड होतात. काडीनं चिखल काढला. चाक कुरकुरत होतं म्हणून करडीचं तेल सोडलं. आमच्या बैलगाडीच्या चाकाला वंगण मीच लावायची, तेव्हा मला कुणी शिकवायची गरज नाही.

१२ सप्टेंबर

आकूनं गाडीत वरणाचं पाणी ओकलं. बैठक काढून धुवायची ठरली. अर्पिता गाडीची पुस्तिका घेऊन बसली. थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. एवढे लाड माझ्या लग्नातल्या शालूचेही झाले नव्हते. मी रिठे उकळले आणि त्या पाण्यात कापड भिजवलं. डाग निघाला, वासही गेला. अर्पिता म्हणाली, "भारी निघालं, आई." बरं वाटलं. लगेच तिनं फोटो काढून आपल्या आईला पाठवला. मग तेवढं बरं वाटलं नाही.

पट्टे परत ओवताना कोणता कुठून हेच कळेना. एक फट रिकामी आणि एक पट्टा शिल्लक. यांनी चष्मा लावून, जीभ बाहेर काढून ओवला, तेव्हा जमलं. आकू ओसरीवर वाकळीवर पडून दोघांकडे बघून हसत होती. तिला गाडीची काही पडलेली नाही. हे मी लिहून ठेवते.

१६ सप्टेंबर

तीन दिवस पाऊस. परवा गाडी भिजली, आणि अर्पिता "आई, वाळवून मगच मिटा," म्हणाली होती. मी तशीच ओली मिटून धान्याच्या कोठीमागे ठेवली. आज उघडली तर बैठकीवर पांढऱ्या बुरशीचे ठिपके. मुद्दाम केलं का? नाही. पण फार वाईट वाटलं असंही नाही.

अर्पिता लिंबाच्या पाण्यानं पुसायला बसली. पुसता पुसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मम्मीनं पेन्शनमधून घेतली वो," एवढंच म्हणाली. मग मीही बसले. सांदीसांदीतून जुना ब्रश फिरवला. दुपारी ऊन पडलं तेव्हा गाडी उघडी करून अंगणात ठेवली, आणि वाळेपर्यंत शेळीला जवळ येऊ दिलं नाही.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री अमावस्या. नवा काळा दोरा, नवा बिब्बा. जुना दोरा तेलानं माखून दांडीवरून खाली सरकला होता. त्याची गाठ सुटेना, म्हणून राहू दिला आणि वर दुसरा बांधला. चाकं पुन्हा जड झालीत. पुन्हा तेल सोडलं.

आकूला आता कडेवर घेतलं की माझा पदर तोंडात घालते. आज तिला घेऊन गणपतीच्या देवळाच्या पायऱ्या चढले. वर फुलवाली म्हणाली, "आजीलाच लागली वो ही पोरगी." तिच्याकडून दोन हार जास्तच घेतले.

३० सप्टेंबर

आकू झोपली, आता लिहिते.

विहीणबाई देवीची ओटी भरायला आल्या होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, आकूला गणपतीला नेऊ. मी कडेवर घेत होते, तर म्हणाल्या, "गाडीत घेऊ. मी ढकलते." पट्टा मलाच लावायला सांगितला. मी लावला, दोनदा ओढून बघितला.

खालूनच दर्शन घेतलं. परत येताना देवळापुढचा उतार. त्या ढकलत पुढे, मी नारळ आणि प्रसाद घेऊन मागे. एकदम पुढचं चाक फिरायचं थांबलं. गाडी आडवी झाली, पुढे कलली, आणि दांडा त्यांच्या हातातून सुटला. सुटला म्हणजे काय, त्यांनी धरलाच नाही! मी नारळ फेकला आणि छत्रीला हात घातला. गाडी एका चाकावर थांबली. पट्ट्यामुळे आकू जागच्या जागी राहिली. आधी ती गप्प झाली, मग असं रडली की दुकानातून माणसं बाहेर आली. मी तिला काढून उराशी धरलं. विहीणबाई तिथेच उभ्या. आपल्या हातांकडे बघत.

"शहरातली बाई, तिला उतारावर काय जमतंय," असं कुणीतरी म्हणालं. मी काही त्याला गप्प केलं नाही.

घरी अंगद भडकला. "मम्मी, निदान धरायचं तरी!" अर्पिता रडली. जेवताना ठरलं की आकू राजूरलाच राहणार. अर्पिता बसनं जाऊन-येऊन करणार. विहीणबाई खाली मान घालून "बराबर हाय" म्हणाल्या. अंधार झाला म्हणून मुक्कामाला राहिल्या आहेत.

मला जे पाहिजे होतं ते मिळालं. गाडी आणली तरी हातानं धरता आली पाहिजे ना.

१ ऑक्टोबर

आज खंडेनवमी. हत्यारं-अवजारं धुऊन पुजायची. यांनी अंगणात कोयते, खुरपी, फवारणीचा पंप, मोटारसायकल अशी रांग लावली आणि म्हणाले, "लेकराची गाडीबी आण. तिचीबी पूजा करू. काल तिनं झटका दावलाय."

गाडी उलटी करून मी चाक काढायला बसले. विहीणबाई बाजेवर बसून बघत होत्या. चाकाजवळची कळ दाबली की ते निघतं, हे मला इतके दिवस माहीतच नव्हतं. आत आसाभोवती काळ्या चिकट गोळ्याचं कडं बसलेलं. तेल, माती, माझे आणि अर्पिताचे केस. केसातली पिन घालून उपसायला लागले. आधी काळा दोरा निघाला, हातभर. मग दुसरा. मग चेचलेला अर्धा बिब्बा.

माझा हात थांबला. वर बघितलं तर विहीणबाई बिब्ब्याकडेच बघत होत्या. बिब्बा ओवलेला दोरा काही रस्त्यावरून चाकात जात नाही. त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं.

मी काहीतरी करायचं म्हणून चाक त्यांच्या हातात दिलं. "जरा धरा." ते त्यांच्या हातातून खाली पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं.

"ऱ्हाऊ द्या, साळूताई," त्या म्हणाल्या. "जुलैत ताप आल्ता मला. मायलेकी तुमच्याकडं आल्या त्याच्या पुढच्याच आठवड्यात. तव्हापासून बोटं मिटत न्हाईत. सकाळी तर कपबी धरवत न्हाई."

"मंग अर्पिताला..."

"तिला सांगू नका. ती नोकरी सोडून बसंल. मी ओळखते तिला." मग आकूकडे बघून म्हणाल्या, "उचलता येत न्हाई म्हणून गाडी घेतली. ढकलता तरी येती, हाताच्या तळव्यानं. तुम्ही तिला कडेवर घेऊन गावभर हिंडता अन् मी फोनात बघत बसते. लई जळते मी तुमच्यावर. आज सांगून टाकते."

माझ्यावर कुणी जळतं! तेही एवढी शिकलेली, पेन्शनवाली बाई. खरं लिहिते, आधी मला बरं वाटलं. मग त्यांची बोटं नीट बघितली. हळकुंडासारखी सुजलेली. नव्या साडीची घडी, दोन हातांनी धरलेला कप, पट्टा तुम्हीच लावा. महिनाभर मी काय काय बोलले, निदान या डायरीत तरी.

तेवढ्यात अंगद आला. "काय निघालं चाकातून?"

मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "केस न् चिखल. माझ्याच हातून सुटली, दुसरं काय." आणि बिब्बा पदराखाली झाकला. मूठ तर मिटतच नव्हती.

दुपारच्या बसनं गेल्या. गाडीला हळदकुंकू वाहिलं, पण माझं लक्ष लागलं नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. दिवसभर एकच गोष्ट मला खात होती. त्यांनी माझी चूक झाकली. म्हणजे मोठेपणातही त्याच पुढे! गाडी त्यांनी आणली, दोष त्यांनी घेतला, आणि लेकरू तेवढं माझ्याकडे, तेही त्यांनी सोडल्यामुळे. असलं लेकरू मला नको. मी काही कुणाची उरलेली पोळी खायला बसलेली नाही.

सगळे सोनं वाटून घरी आले. आपट्याची पानं हातात असतानाच मी अंगदला सांगितलं, "चाकात माझा दोरा गेल्ता. बिब्ब्याचा. अन् त्यावर मीच तेल ओतलं. त्यांच्या हाताचा काई दोष न्हाई."

अर्पिता म्हणाली, "बिब्बा? आई, लेकराच्या गाडीला बिब्बा?"

"खाली बांधला होता. उतू नये म्हणून."

यांना हसू आवरेना. मी म्हटलं, "हसू नका. जालन्याला खोली बघा. आकू तिकडं ऱ्हाईल. अन् सोमवार ते शुक्रवार मीबी. मला हिच्याबिगर करमायचं न्हाई."

"अन् मी?" हे म्हणाले.

"तुमच्या पुतण्याच्या घरी जेवा. त्याची बायको माझ्यापेक्षा बरं रांधती, असं तुम्हीच म्हणता ना?"

हातांचं मी कुणाला सांगितलं नाही. आतल्या खोलीत जाऊन विहीणबाईंना फोन केला. म्हटलं, दसऱ्याचं सोनं घ्या, आणि मी येतेय. "उचलायचं मी, ढकलायचं तुम्ही. पण आधी डॉक्टरला हात दावा. अन् लेकीला तुमच्या तोंडानं सांगा." पलीकडून त्या म्हणाल्या, "या." आता आम्ही बराबर झालो, असं मला वाटलं. थोडी मीच पुढे.

५ ऑक्टोबर

विहीणबाईंच्या गल्लीतच खोली मिळाली. सामान बांधलं. सकाळी चारही चाकं काढून कोरड्या कापडानं पुसली, तेलाचा एक थेंबही ठेवला नाही. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे, अर्पितानं वाचून दाखवलं तसंच केलं. अंगदनं आणलेला वंगणाचा फवारा मारला. त्याला चिकटपणा नाही. ब्रेक दाबून बघितला, सोडून बघितला. मग वरवंटा ठेवून अंगणात ढकलली. मूठ न मिटता, नुसत्या तळव्यानं. तशी चालली पाहिजे ना. चालली. यांनी विचारलं, "हात का ताणून धरलेत?" म्हटलं, असंच.

९ ऑक्टोबर, जालना

यांचा फोन. "पाटा हाय. वरवंटा कुठंय? पुतण्याकडं ठेच्यात मीठच नसतं, म्हणून म्हटलं आपणच वाटावा."

गाडीखालच्या पिशवीत बघितलं. वरवंटा तिथेच. जालन्याला येऊन पडला होता. शनिवारी आणते म्हटलं, तर म्हणाले, "मंग आता डोक्यानं वाटू का?"

विहीणबाईंनी अर्पिताला हातांचं सांगितलं. मी त्या वेळी मुद्दाम भाजी आणायला गेले होते. आले तेव्हा दोघींचे डोळे लाल. डॉक्टरांनी गोळ्या आणि गरम पाण्यात बोटं हलवायचा व्यायाम दिलाय. मी बादली भरून देते, त्या आकूला बडबडगीतं म्हणत बोटं हलवतात. बडबडगीतं त्यांना खूप येतात. मला दोनच.

एक गोष्ट इथे येऊन कळली. दांडा फिरवला की गाडीतल्या लेकराचं तोंड ढकलणाऱ्याकडे येतं. म्हणजे रस्ताभर आकू त्यांनाच बघते, आणि मी बाजूनं पिशवी घेऊन चालते. वाटणी करताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. काल मी दांडा गुपचूप उलटा केला. आकू रडायला लागली, म्हणून पुन्हा सरळ केला.

आज संध्याकाळी फिरून आलो. मी दांड्याच्या बाजूनं आकूसमोर वाकून पट्टा सोडला. आकूनं दोन्ही हात वर केले. असे हात तिनं कधीच केले नव्हते. उचलून घे म्हणून, पहिल्यांदा. मी हात पुढे केले, तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून, दांड्याजवळ उभ्या असलेल्या विहीणबाईंकडे बघत होती. हात त्यांच्यासाठी होते.

मी जळलेच. खोटं कशाला लिहू. विहीणबाई दांड्यावर तळवे टेकवून उभ्या होत्या, त्या हलल्या नाहीत. नुसत्या बघत होत्या. आकूचे हात खाली येईनात.

मी आकूला उचललं. जरा घट्टच धरलं, जरा वेळ. मग म्हटलं, "दैवशालाताई, बाजेवर बसा." त्या बसल्या. आकूला त्यांच्या मांडीवर दिलं आणि शेजारी बसून तिच्या पाठीला माझा हात लावून ठेवला. आकूनं त्यांचा पदर धरला आणि तोंडात घातला. माझाच घालते तसा.

गाडी अंगणात रिकामी उभी होती. वाऱ्यानं थोडी पुढे सरकली. ब्रेक लावायचा राहिला होता. उठून वरवंटा तरी तिच्यात ठेवायला हवा होता. पण त्यासाठी हात काढावा लागला असता, म्हणून मी उठले नाही.